आभाळाला दोष देणं बंद करा

परवा लातूरच्या बाजारातून दोनशे वीस रुपयांचा एक एलएनबी आणला. छत्रीच्या दांडीला पुढे बसवतात तो डबा. खोक्यावर लाल अक्षरांत छापलंय : ०.१ डीबी. हे खोटं आहे. थोडं वाढवून सांगितलेलं नाही, धडधडीत खोटं आहे, आणि नांदेड-लातूरच्या मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक दुकानात ते फळीवर मांडून ठेवलेलं आहे. मी बावीस वर्षं छत्र्या बसवतो. नायगावपासून निलंग्यापर्यंत किती गच्च्यांवर नि किती पत्र्यांवर चढलो याची मोजदाद नाही. त्या अनुभवावर सांगतो : आपल्याकडे आभाळ भरून आलं की टीव्ही जातो, पण तो आभाळामुळे फार क्वचित जातो. तो या डब्यामुळे जातो, त्याच्या मागे लावलेल्या भिकार वायरीमुळे जातो, आणि ही दोन्ही पाच मिनिटांत अडकवून खाली उतरणाऱ्या माणसामुळे जातो.

गेल्या भाद्रपदात कंधार तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. घरात दूरदर्शनची मोफत फ्री डिश आहे. म्हणाली, "दादा, ढग दिसले की गेलाच बघ टीव्ही. दुकानातला पोरगा दोनदा येऊन गेला. म्हणतो, वरूनच येत नाही." दोन्ही वेळा त्या पोराने येण्या-जाण्याचे अडीचशे-अडीचशे घेतले होते. तिसऱ्यांदा दुकानदाराने बॉक्सच खराब झाल्याचं सांगून बाराशेचा नवा बॉक्स गळ्यात मारला. नव्या बॉक्सवरही तेच : चित्र फुटायचं, चौकोन पडायचे, आवाज तुटायचा आणि मग निळा पडदा.

मी शिडी लावली. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकलेली. आतून वाफ धरलेली. खालची पिन हाताने पिरगाळून बसवलेली, वर ना रबरी टोपी ना टेप. पिन उघडली तर आतून पाण्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर पडले. वायरीची जाळी काळी पडलेली, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागत होती. मधली तार तांबूस दिसत होती, पण तो रंग तांब्याचा नव्हता, गंजाचा होता. आणि एलएनबी दांडीवर सरळ उभा. त्याला जो कल द्यायला हवा, तो कुणी दिलेलाच नव्हता.

खाली भाच्याला रिमोट घेऊन बसवला आणि एकेक काम करत आकडा विचारत गेलो. सुरुवातीला क्वालिटी ३८. ओली झालेली दोन हात वायर कापून टाकली, नवी पिन यंत्राने दाबून बसवली : ४९. एलएनबी हळूहळू फिरवत योग्य कलावर आणला : ६१. शेवटी एलएनबी बदलला : ७२. बॉक्सवरचे हे टक्के म्हणजे प्रयोगशाळेतलं माप नव्हे, प्रत्येक बॉक्स आपापल्या पद्धतीने ते दाखवतो. पण बॉक्स तोच, छत्री तीच आणि दुपारही तीच होती. खर्च आला चारशे साठ रुपये. त्याआधी बहिणीने सतराशे रुपये मोजले होते, आणि त्यातला एक रुपयाही छत्रीवर खर्च झाला नव्हता.

आता त्या ०.१ चं सांगतो, कारण सगळ्या लबाडीचं मूळ तिथे आहे.

उपग्रह आपल्यापासून छत्तीस हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथून येणारा सिग्नल छत्रीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की एलएनबीतल्या पहिल्याच ट्रान्झिस्टरची स्वतःची खरखर त्याला गिळू शकते. ही खरखर जितकी कमी, तितका एलएनबी चांगला. तिचंच माप डीबीत छापतात. इंजिनिअर लोक ते तापमानाच्या भाषेत मोजतात : ०.१ डीबी म्हणजे सुमारे ७ केल्व्हिन, ०.३ म्हणजे सुमारे २१, ०.८ म्हणजे ५९ च्या आसपास. रेडिओ दुर्बिणींवर काम करणारे शास्त्रज्ञ इतकी कमी खरखर मिळवण्यासाठी आपले रिसीव्हर उणे अडीचशे अंशांपर्यंत गार करतात. आणि मे महिन्यात चटके देणाऱ्या पत्र्यावर ठेवलेला दोनशे वीस रुपयांचा डबा ती कामगिरी करतो, असं खोक्यावर छापताना कुणाला लाज वाटत नाही. चांगल्या, प्रामाणिक एलएनबीचा आकडा ०.३ ते ०.५ असतो. बाजारातल्या या डब्यांचा मला ०.८ किंवा त्याच्याही वर वाटतो. मग स्वच्छ आकाश असतानाच दोन डीबीच्या आसपास फरक पडतो. उन्हाळ्यात तो दिसत नाही, कारण तेव्हा गरजेपेक्षा जास्त सिग्नल हाताशी असतो. पहिला ढग आला की ही शिल्लक संपते आणि चित्र जातं. जुन्या अँटेनाच्या काळात चित्राला मुंग्या यायच्या, पण माणूस दिसायचा, बातमी कळायची. डिजिटलमध्ये तसं होत नाही. उंबरठ्याच्या वर असलात तर आरशासारखं चित्र, केसभर खाली गेलात तर काहीच नाही. म्हणूनच दोन डीबीला इतकी किंमत आहे.

दुकानदाराला हे विचारलं तर तो म्हणतो, "गिऱ्हाईक मागतंय ते ठेवतो." गिऱ्हाईक मागत नाही. गिऱ्हाईकाला डीबी म्हणजे काय तेच ठाऊक नाही. खोक्यावर ०.३ छापणाऱ्या प्रामाणिक कंपनीचा माल ०.१ वाल्याच्या शेजारी पडून राहतो, म्हणून पुढच्या वर्षी तीही ०.१ छापते. असा सगळा बाजार खोट्याकडे ढकलला गेला आहे. आजवर मी शेकडो एलएनबी हाताळले. त्या आकड्यामागे कुणाची चाचणी आहे, हे सांगणारी ओळ मला एकाही खोक्यावर सापडलेली नाही.

दुसरी फसवणूक याहून वाईट, कारण ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत होते. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात : स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पोरगा गच्चीवरून ओरडतो, "किती आला?" खालून उत्तर जातं, "नव्वद!" पोरगा खाली उतरतो, पैसे घेतो, जातो. तो नव्वद स्ट्रेंथचा असतो. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा आली त्याचं माप. त्यात सिग्नल आणि खरखर दोन्ही धरलेली असतात. खराब एलएनबी जितका गोंगाट करील तितकी ही पट्टी भरते. छत्री रिकाम्या आभाळाकडे वळवलीत तरी ती पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. खरं काय ते क्वालिटी सांगते. खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती, हे तिच्यावरून कळतं. हे फिटिंग करणाऱ्याला माहीत नसेल तर त्याला शिकवलं गेलेलं नाही, आणि माहीत असूनही तो स्ट्रेंथ दाखवून उतरत असेल तर तो चोर आहे.

वायरीचं मी थोडक्यात सांगतो, पण लक्ष देऊन वाचा. खिशात एक चुंबक ठेवा. वायर घेताना मधल्या तारेला तो लावा. चिकटला तर आत पोलाद आहे, वर तांब्याचा नुसता मुलामा. हे समजून घेतलं पाहिजे की खुद्द सिग्नलला त्याने फारसं बिघडत नाही, कारण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या सालीवरूनच वाहतो. पण याच वायरीतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. पोलादाची तार लांब झाली की व्होल्ट वाटेतच खाते, आणि वर पाणी लागलं की मुलामा जातो, तार गंजते. त्यात जाळी विरळ, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या ॲल्युमिनियमच्या काड्यांची. आणि मध्ये जोड. एका घरात मी पंचवीस मीटर वायरीत चार जोड मोजले, त्यातले दोन नुसते पिळून वर टेप गुंडाळलेले. तशा जोडात प्रत्येक ठिकाणी सिग्नल थोडा मागे परततो, थोडा वाया जातो, आणि पाऊस त्याच वाटेने आत शिरतो. पिनेच्या आधी वायरीला खाली झोल ठेवला तर थेंब तिथूनच गळून जातो. या झोलाला एक पैसाही लागत नाही. तरी तो ठेवलेला मला दहांतल्या एका घरीही दिसत नाही.

आणि कल. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे काम शंभर टक्के फुकटात होतं.

फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. लातूर ७६.५ अंशांच्या आसपास, नांदेड ७७.३. म्हणजे आपल्यासाठी तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. एवढं सगळे बसवतात, कारण त्याशिवाय चित्रच येत नाही. पण उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसल्यामुळे त्याच्या लहरींची उभी-आडवी दिशा आपल्या जमिनीच्या हिशेबाने तिरकी पडते. लातूर-नांदेडला हा तिरकेपणा साधारण चाळीस अंशांचा आहे. एलएनबी दांडीवर तेवढा फिरवायलाच हवा. नुसता सरळ उभा ठेवला तर आधीच क्षीण असलेल्या सिग्नलातले दहातले चार भाग वाया जातात. एक स्क्रू सैल करायचा, डबा फिरवायचा, खालच्या माणसाला क्वालिटी विचारायची, जिथे आकडा जास्तीत जास्त येईल तिथे स्क्रू आवळायचा. दोन मिनिटं लागतात. ज्यांना ही दोन मिनिटं देणं जमत नाही त्यांनी हा धंदा सोडावा, असं मी स्पष्ट म्हणतो.

पावसाने सिग्नल कधीच जात नाही, असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. फ्री डिश ज्या फ्रिक्वेन्सीवर येते ती अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासची, आणि तिथे पावसाचे मोठे थेंब लहरी शोषतात आणि इकडेतिकडे फेकतात. वर भिजलेलं आभाळ स्वतःच खरखर करायला लागतं. विजांसह कोसळणारा पाऊस असला तर दहा-पंधरा मिनिटं चित्र जाईल, कितीही चांगला एलएनबी लावा. बहिणीकडेही त्यानंतर दोनदा गेलं. अशा वेळी एलएनबी बदलण्यापेक्षा छत्री मोठी करणं जास्त कामाचं : साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची छत्री घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. मात्र मोठी छत्री जास्त नेमकी रोखावी लागते. पाच मिनिटांत उतरणाऱ्याने ती बसवली तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला हलेल. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही काही मिनिटं सिग्नल जातो. ही निसर्गाची अडचण आहे आणि ती वर्षातून काही तासांची आहे. माझं भांडण बाकीच्या दिवसांबद्दल आहे. भुरभुर पावसात, नुसत्या ढगात, कधीकधी दवातही जो टीव्ही बंद पडतो, त्याचं बिल निसर्गाच्या नावावर फाडू नका.

कुणी म्हणेल, एवढा त्रागा कशाला, आता सगळं मोबाईलवर येतं. असं म्हणणाऱ्याने किनवट किंवा देवणी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर एक आठवडा राहून पाहावं. डिसेंबर २००४ मध्ये फ्री डिशची ही मोफत सेवा सुरू झाली. एकदा छत्री-बॉक्सचा खर्च केला की महिन्याला एक रुपया नाही. आज देशातली चार कोटींहून जास्त घरं तिच्यावर आहेत. २०२१-२२ च्या सुमारास दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मोठ्या प्रमाणावर बंद झाले, म्हणजे गच्चीवरच्या साध्या अँटेनावर सह्याद्री बघायची सोयही गेली. मजूर, कोरडवाहू शेतकरी, एकटी राहणारी म्हातारी माणसं यांच्याकडे उरली ती ही छत्री. शाळेतल्या मुलांसाठी पीएम ई-विद्याच्या वाहिन्या याच छत्रीवर दिल्या आहेत. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही बापाबरोबर शेतावर जातो, त्या घरातल्या पोरीने धडा मध्येच फुटताना पाहायचा का?

आणि पावसातच तर बातमी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं, माणसं गेली. सप्टेंबरात सगळा मराठवाडा पाण्यात होता. अशा दिवसांत जोपर्यंत वीज आहे तोपर्यंत तरी टीव्ही चालू राहिला पाहिजे. नेमक्या त्याच दिवसांत, मी वर सांगितलेल्या कारणांनी, तो सगळ्यात आधी बंद पडतो.

खेड्यांत उपग्रहावरचा टीव्ही नीट चालू ठेवणं जमत नाही असं नाही. आपल्या सीमेपलीकडे गुलबर्गा, म्हणजे आताचा कलबुर्गी जिल्हा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर तिथल्या खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला. 'साइट' हा तो प्रयोग, देशातल्या सहा राज्यांतली २४०० गावं त्यात होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण त्या प्रयोगाची धुरा सांभाळणाऱ्यांत एकनाथ चिटणीस होते, मूळचे कोल्हापूरचे. तीन मीटरची छत्री कोंबड्यांच्या जाळीची बनवलेली, कितीतरी गावांत धड रस्ता नाही, विजेचा भरवसा नाही. तरी त्या लोकांनी संच बसवण्याआधी दुरुस्तीची केंद्रं आखली, माणसं शिकवली, सुटे भाग जवळ ठेवले. यंत्र गावात नेऊन टाकलं की आपलं काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. पन्नास वर्षांनी आपल्याकडे छत्री साठ सेंटिमीटरची झाली, उपग्रह कितीतरी सुधारला, आणि ती बसवणाऱ्याला क्वालिटीची पट्टी कोणती ते सांगायला कुणी नाही.

फिटिंग करणाऱ्या पोरांवरच सगळा राग काढावा असं मला वाटत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो. त्यांना एका छत्रीमागे ठरलेले पैसे मिळतात, दिवसात आठ छत्र्या लावल्या तर घर चालतं. दाबून पिन बसवायचं यंत्र हजार-दीड हजाराचं, ते त्यांनी स्वतः घ्यायचं. ते न घेता हाताने पिरगाळायची पिन वापरतात, ती पाच रुपयांत येते. मालक सांगतो ती वायर लावतात. राग यायला हवा तो या साखळीत वर बसलेल्यांचा. फ्री डिश चालवणारी प्रसार भारती वाहिन्यांना तिच्यावरची जागा लिलावाने देते, त्यातून कोट्यवधी रुपये येतात. त्यातल्या थोड्या पैशात नांदेड आणि लातूरच्या आयटीआयमध्ये आठवड्याभराचा वर्ग चालवणं अवघड आहे का? भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये, उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक जाहीर केलं. म्हणजे उद्या बॉक्सही लागणार नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीत जाईल. चांगली गोष्ट आहे. पण त्या टीव्हीच्या मागच्या भोकात वायर तीच गंजकी येणार असेल आणि वायरीच्या टोकाला तोच ०.१ वाला डबा असेल, तर टीव्ही बदलून काय हाती लागणार? मानक लावायचंच तर आधी गच्चीवरच्या मालाला लावा. एलएनबीवर छापलेला आकडा तपासलेला असला पाहिजे. वायरीत तांबं आहे की पोलाद, हे वायरीवरच छापलेलं असलं पाहिजे. खोटं छापणाऱ्याला तसाच दंड झाला पाहिजे, जसा वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याला होतो.

तोवर तुम्ही स्वतः एवढं करा. पुढच्या वेळी कुणी छत्री बसवायला किंवा दुरुस्तीला आला की पैसे देण्याआधी रिमोट हातात घ्या आणि सिग्नलचं पान उघडायला लावा. स्ट्रेंथ बघू नका. क्वालिटीचा आकडा वाचा आणि तो बिलावर लिहून सही करायला सांगा. पुढच्या खेपेला आला की तोच आकडा त्याच्यापुढे धरा. पिन उघडून दाखवायला सांगा. एलएनबी सरळ उभा दिसला तर तो फिरवल्याशिवाय त्याला खाली उतरू देऊ नका. आणि कुणी "वरूनच येत नाही" म्हणाला, तर शेजारच्या गच्चीवरच्या छत्रीकडे बोट दाखवून विचारा, मग तिकडे कसं काय येतंय?